ती धुरा, तो धुरा

माय म्हणाली होती, "त्या घरचं पानीबी पिऊ नोको." आणि मी तीन वर्षं त्याच घरच्या माणसाकडून अमेरिका शिकले. पाणी मात्र प्याले नाही, तेवढा मायचा शब्द राखला.

सर आमच्याच गावचे. पण कॉलेज मूलला, म्हणून राहायचेही मूललाच, एका राइस मिलच्या मागच्या खोलीत. त्यांच्या वडिलांचं वावर आमच्या वावराला लागून. एवढं सांगितलं की आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला पुढचं भांडण वेगळं सांगावं लागत नाही, तो आपणहून "किती हात?" असंच विचारतो. बाकीच्यांसाठी सांगेन, पण आधी सर.

पहिल्या दिवशी आम्ही साठेक पोरंपोरी वर्गात गोंगाट करत बसलो होतो. दारात एक हडकुळा माणूस येऊन उभा राहिला. खांद्याला कापडी पिशवी, केसांवर मिलच्या कोंड्याची बारीक धूळ, आणि दोन्ही मनगटांवर घड्याळं. आत काही येईना. आम्हाला वाटलं, कुणाचे तरी वडील विसरलेला डबा द्यायला आले असतील. मग ते म्हणाले, "येऊ काय?" मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, या ना काका, आणि वर्ग खो खो हसला. सर आत आले. फळ्यावर आधीच्या तासाचे समास होते. त्यांनी डस्टर उचललं आणि आमच्याकडे वळून विचारलं, पुसू काय?

मला वाटलं, पहिल्या दिवसाचं नाटक आहे. तीन वर्षांत कळलं, नाटक नाही, माणूसच तसा आहे. एसटी स्टँडवर बाकावर एकच माणूस बसलेला असला तरी विचारत, बसू काय. चहाच्या टपरीवर पेपर पडला असेल तर टपरीवाल्याला विचारत, वाचू काय. तो बिचारा वैतागून म्हणायचा, सर, पेपर वाचालेच ठेवला हाय, घड्या कराले नाई. कॉलेजच्या पायरीवर कुत्रं झोपलं असलं तर सर वळसा घालून जात. त्यांच्या या सवयीवर आम्ही किती नकला केल्या असतील, देवच जाणे. मी सगळ्यात जास्त केल्या आणि सगळ्यात वाईट केल्या, कारण माझ्या नकलेत विष होतं.

घड्याळांचंही सांगून टाकते. डाव्या हातातलं आपलं, उजव्या हातातलं वॉशिंग्टनचं. सकाळी साडेदहाचा तास सुरू झाला की उजवा हात वर करून बघत आणि म्हणत, तिकडे आता रात्र हाय, सारे झोपून हायेत, तोवर शिकून घ्या. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तिकडची वेळ एका तासानं बदलते म्हणे, तर त्या दिवशी सर आवर्जून वर्गातच काटे फिरवत. बी.ए.च्या अभ्यासक्रमात 'अमेरिकेचा इतिहास' असा एक पेपर होता, आणि त्यातला 'साम्राज्यविस्तार व महासत्ता' हा भाग सुरू झाला की सरांच्या अंगात यायचं. बाकीचा पेपर ते पोस्टमनसारखा वाटून मोकळे व्हायचे.

या भागात पहिलंच वाक्य होतं, आमच्या छापील नोट्समधलं: 'दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची धुरा अमेरिकेच्या हाती आली.' सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, समजलं काय? आम्ही माना हलवल्या. सरांनी एका पोराला उभं केलं. तो म्हणाला, "सर, म्हणजे साऱ्या दुनियेचा धुरा त्यानं आपल्या वावरात घेतला." कुणी हसलं नाही, कारण आम्हा सगळ्यांना तेच समजलं होतं. पुस्तकातली धुरा म्हणजे गाडीचं जू, जबाबदारी, पुढारीपण. ती धुरा. आमच्याकडे धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधला मातीचा बांध. तो धुरा. ज्यावर आम्ही तूर लावतो, ज्यावरून माणसं एकमेकांची डोकी फोडतात, तो.

सर एवढे खूष झाले की टेबलावर बसले (टेबलाला विचारलं नाही, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं). मग त्यांनी सांगितलं की चंद्रपूरला शिकत असताना त्यांनीही अगदी हाच घोळ केला होता. घटक चाचणीत याच वाक्यावर टीप लिहायची होती. सरांनी दीड पान लिहिलं, की धुरा कुणा एकाच्या हाती येतच नाही, तो दोघांचा असतो, एकानं घेतला की त्याला धुरा म्हणत नाहीत, चोरी म्हणतात. त्यांचे प्राध्यापक पुण्याकडचे. त्यांनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला आणि वर्ग पोट धरून हसला. गुण शून्य. शेरा, 'शब्दाचा अर्थ माहीत नाही.'

"मले माहीत नव्हता," सर म्हणाले, "पण त्यायलेबी माहीत नव्हता."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात अमेरिकेचा सगळा इतिहास धुऱ्यावरून चालला. आधी तेरा वाड्या एका कोपऱ्यात. मग त्यांनी पश्चिमेकडे धुरा सरकवायला सुरुवात केली. तिथं राहणाऱ्या जंगलातल्या लोकांना कुणी विचारलं नाही. सरकवता सरकवता समुद्र लागला. "आता समुद्रच धुरा झाला म्हणा, बसा आता गुमान," सर म्हणत, "पण ज्याले सरकवाची सवय लागली त्याले पानी काय अन् माती काय." अमेरिकेबद्दल त्यांचा लाडका शेरा होता, कानामागून आली अन् तिखट झाली. इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश आधीच जग वाटून बसलेले, ही शेवटी आली आणि सगळ्यांना पाणी पाजून गेली. हे सांगताना त्यांच्या आवाजात रागही असायचा आणि थोडं कौतुकही, ते लपवत नसत. एकदा म्हणाले, या लोकांना काम येते बाप्पा, नाई कसं म्हणाचं. आम्ही म्हटलं, सर, तुम्ही नेमके कुणाकडून? म्हणाले, मी इतिहासाकडून, तो दोघाईले शिव्या देते.

सगळ्यात गाजला तो व्हरांड्यातला तास. नोटीस बोर्डाजवळचा खांब म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा, आणि पार टोकाला पाण्याच्या टाकीजवळ चीन. मधला सगळा व्हरांडा पॅसिफिक महासागर, खडूनं आखलेला. सरांनी पिशवीतून खरेखुरे कोळशाचे तुकडे काढले आणि वर्गातल्या सगळ्यात जाड पोराच्या हातात दिले. तो जहाज. दर तीन पावलांना एक तुकडा टाकायचा, कोळसा संपला की थांबायचं. जहाज व्हरांड्याच्या मध्यापर्यंत आलं आणि थांबलं. सर म्हणाले, चंद्रपूर जिल्ह्याच्या पोट्ट्याहो, तुम्हाले कोळसा काय असते हे सांगा लागते काय? मूलहून सिरोंच्याले एसटी निघाली अन् मधात कुठीच डिझेल नाई, तर पोचन काय? जहाजाला मधे थांबे लागतात. थांबा म्हणजे बेट, तिथं पुन्हा कोळसा भरायचा. मग त्यांनी एकेकाला बेट करून उभं केलं. एक पोरगी हवाई झाली. तिथं उसाच्या मळेवाल्यांनी राणीलाच गादीवरून उतरवलं, आणि पुढं बेट अमेरिकेच्या खिशात गेलं. मी ग्वाम झाले. सर म्हणाले, तू इथी उभी राह्य, हलू नोको.

मग त्यांनी ग्वामची गोष्ट सांगितली. अठराशे अठ्ठ्याण्णव साली अमेरिकेचं स्पेनशी युद्ध लागलं. ग्वाम स्पेनचं, पण तिथं बातमीच पोचलेली नव्हती. अमेरिकेचं जहाज आलं आणि त्यानं किल्ल्यावर तोफा डागल्या. बेटावरच्या अधिकाऱ्यांना वाटलं, पाहुणे सलामी देऊन राह्यले. ते होडीत बसून जहाजावर गेले आणि म्हणाले, माफ करा, आमच्याकडे दारूगोळा नाही, म्हणून उलट सलामी देता आली नाही. जहाजावरचे म्हणाले, सलामी नाही, युद्ध आहे, आणि तुम्ही कैदी आहात.

पोरं लोळून लोळून हसली. जहाजाच्या हातातला कोळसा पडला. मी हसले नाही. मी खडूच्या रेघेत तशीच उभी होते.

कारण आमच्याकडे असंच झालं होतं. माझा बाप गेला तेव्हा मी लहान होते. तेरवीच्या दिवशी सरांचे वडील चार माणसं घेऊन आमच्या अंगणात आले. मायला म्हणाले, वावराची फिकीर नोको करू बाई, आम्ही हावो ना बाजूले. मायनं डोळे पुसले, त्यांना चहा दिला, जाताना पाया पडली. मायला वाटलं, सलामी आहे. त्याच उन्हाळ्यात धुरा एक हात आमच्याकडे आला. आमच्याकडे धुरा एका दिवसात सरकत नाही. उन्हाळ्यात डागडुजी करताना माणूस आपल्या बाजूनं तासतो आणि माती दुसऱ्याच्या बाजूला चढवतो. पुढच्या वर्षी पुन्हा. मायनं विचारलं की म्हातारा म्हणायचा, पावसानं ढासळला असन. असा पाच-सहा वर्षं तो चालत आला आणि एका उन्हाळ्यात पाट ओलांडून आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, येऊन बसला.

पाट म्हणजे तलावाचं पाणी आणणारी मातीची नाली. ती आमची होती. आता पाट त्यांच्या बाजूला, मधे धुरा, आणि अलीकडे आमची बांधी. धुरा फोडल्याशिवाय आमच्या धानाला पाणी येईना, आणि धुरा त्यांचा. म्हणून दर हंगामात माय त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहायची आणि आपलंच पाणी मागायची. कधी लगेच हो म्हणत, कधी दोन दिवस थांबवत. दोन दिवसांत धान पिवळं पडायला लागतं. मी तिच्या पदराला धरून उभी असायचे. धुऱ्यावरच्या तुरीचं मला काही वाटलं नाही, सात-आठ हात जमिनीचंही नाही, पण मायचं ते उभं राहणं माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. मोजणी आणायची तर ऑफिसच्या चकरा, आणि गावात वैर. माय म्हणायची, तू शिक पोरी, मंग पाहू.

म्हणून सांगते, सरांच्या "येऊ काय"वर मी विषारी नकला करायचे त्या उगाच नाही. मला वाटायचं, वा रे वा, बाकावर बसायला विचारतो आणि घरी आमच्या मातीवरचा भात खातो. दुनियेचे चोर फळ्यावर, घरचे चोर घरात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणजे दुसरं काय असतं?

शेवटच्या वर्षापर्यंत मी हे पोटात ठेवलं. तोवर सरांचे वडील वारले होते आणि वाटणीत ते वावर सरांच्या हिश्शाला आलं होतं, कसत मात्र त्यांचे मोठे भाऊच होते. पाणी मागायला माय अजून जातच होती. त्या दिवशी सर फिलिपाइन्स शिकवत होते. तिथले लोक स्पेनशी लढत होते, अमेरिका मदतीला आली, स्पेन गेलं, आणि अमेरिका तिथंच बसली. सर म्हणाले, घरात साप निघाला म्हणून काठीवाल्याले बलावलं, साप गेला, पण काठीवाला काही जाईना. वर्ग हसत होता. मी उभी राहिले.

"सर, एक इचारू काय?"

त्यांच्याच सुरात विचारलं, म्हणून पोरं आणखी हसली. सर म्हणाले, इचार ना.

"सरकवलेला धुरा कोणी कधी मागं घेतला काय, सर? साऱ्या इतिहासात? एक तरी?"

वर्गात आमच्या गावची आणखी दोन पोरं होती. त्यांनी माना खाली घातल्या. सरांच्या हातात खडू होता, तो त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला. मला वाटलं, आता चिडतील, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. ते म्हणाले, "उद्या सांगतो." आणि तास संपायला वीस मिनिटं असताना पिशवी घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. तासिका तत्त्वावरचा माणूस, सुट्टी त्याला परवडत नाही. पोरं माझ्यावर चिडली, परीक्षा तोंडावर आली होती. मी वरून ठसक्यात होते, आतून घाबरले होते.

चौथ्या दिवशी सर आले. दारात उभे राहून "येऊ काय" म्हणाले आणि थेट फळ्यापाशी गेले. त्यांनी लिहिलं, 'पनामा'. मग आमच्याकडे वळून सांगायला लागले. दोन समुद्र जोडणारा कालवा अमेरिकेनं खणला, आणि कालव्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा आपल्या ताब्यात ठेवला. दुसऱ्याच्या देशाच्या मधोमध. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मागत राहिले. पोरं आपल्या देशाचा झेंडा घेऊन त्या पट्ट्यात गेली, त्यात माणसं मेली. तरी मागणं थांबलं नाही. तिकडे अमेरिकेतही भांडणं झाली, की आपण खणलेला कालवा आपण काऊन द्यायचा. शेवटी करार झाला आणि शतक संपता संपता कालवा परत केला. फिलिपाइन्सही सोडलं होतं, उशिरा सोडलं, आपले तळ ठेवून सोडलं, पण सोडलं.

"एक पाह्यजे होता ना तुले," सर मला म्हणाले, "दीड भेटला." आणि जरासे हसले. मला हसू आलं नाही, पण रागही कुठं सापडेना.

मधे टीव्हीवर बातमी पाहिली, की तो कालवा पुन्हा आपल्याला हवा असं तिकडे कुणी बोलायला लागलंय. मी आता गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेत इतिहास शिकवते. मी सरांना फोन केला आणि म्हटलं, सर, तुमचा दीड आता अर्ध्यावर येते की काय? सर म्हणाले, दिलेलं परत मागणारे निघतीलच, त्यासाठीच तर शिकवा लागते. मग विचारलं, तुझ्या पोरायले नकाशा आहे काय, नाही तर मी पाठवू काय. सर आहेत, बरे आहेत. घड्याळं अजून दोनच आहेत.

तर त्या दिवशी तास संपल्यावर सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की त्यांना माहीत होतं. चंद्रपूरला शिकताना सुट्टीत आले तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं. बापाला विचारलं तर बाप म्हणाला, तुझ्याचसाठी करून राह्यलो. "अन् मी गप्प बसलो," सर म्हणाले. "साऱ्या जगाले इचारत फिरलो. तुझ्या मायपाशी जाची हिंमत झाली नाई." आणि मग, "मायले सांग, मी इतवारी येतो. येऊ काय, हे तिलेच इचारीन."

मी मायला सांगितलं. ती म्हणाली, पाहू.

इतवारी सकाळी सर आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, फावडा, घमेलं, दोरी आणि चार खुंट्या. आमच्या वावराच्या तोंडाशी उभे राहिले. माय बोरीच्या झाडाखाली बसली होती. सर म्हणाले, "बाई, येऊ काय तुमच्या वावरात?"

माय उठली नाही. उन्हात माणूस उभा, मी एकदा त्यांच्याकडे बघते, एकदा मायकडे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तेवढ्या वेळात मला त्या माणसाची दया आली, हे आज कबूल करते. माय शेवटी म्हणाली, या.

सरांनी पाटाच्या पलीकडे, आपल्या वावरात खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि जुना धुरा खोदून माती वाहायला लागले. खोदकाम त्यांना येत नव्हतं. फावडा मातीत कमी आणि हवेत जास्त. तासाभरात हाताला फोड आले. गाव जमा झालंच, असल्या तमाशाला आमचं गाव कधी उशीर करत नाही. त्यांचे मोठे भाऊ रस्त्यावरून ओरडत होते, की बापाच्या मयतीत डोळ्यात पाणी आलं नाही आणि आता बापाचं नाव खोदून काढतो. सरांनी मान वर केली नाही. आजपासून तू माझा कोणी नाही, असं म्हणून ते निघून गेले, आणि त्यानंतर चार वर्षं त्यांनी सरांशी बोलणं टाकलं होतं. भाऊ गेले तेव्हा सर क्षणभर फावड्यावर रेलले. मला वाटलं, आता टाकतील आणि जातील. त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि पुढचं घमेलं उचललं.

मी मदतीला उठले तर मायनं माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाली, बस, त्याले करू दे. दुपार चढेपर्यंत दहा-बारा पावलं नवा धुरा उभा राहिला. वाकडा, बुटका, पण धुरा.

तेव्हा माय उठली. नव्या धुऱ्यापाशी गेली, पाटाच्या काठावर उभी राहिली, आणि पाटापासून धुऱ्यापर्यंत पावलं मोजली. एक, दोन, तीन, चार.

"हे काय हो, सर?"

सरांना दम लागला होता, धड बोलता येत नव्हतं. म्हणाले की अंदाज नव्हता, कमी पडायला नको म्हणून आपल्याच बाजूला जास्त घेतलं, राहू द्या बाई, इतकी वर्षं आमच्याकडे होतं.

माय म्हणाली, "धुरा पाटापासून एक पाऊल होता. तीन पावलं तुमचं हाय."

"राहू द्या ना, बाई."

"काऊन राहू देऊ? तुमचा बाप इकडून सरकवे, तुम्ही तिकडून सरकवून राह्यले." मायचा आवाज चढला नव्हता. "मले कोनाचं देल्लेलं नाई पाह्यजे. माझं पाह्यजे. धुरा जागेवर ठेवा."

इतक्या वर्षांच्या वाचनात सरांना हे कुठं सापडलं नसावं. मग ते खाली बसले, आपणच रचलेल्या त्या वाकड्या धुऱ्यावर, आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडले. फोडांचं रक्त गालाला लागलं. मायनं त्यांना रडू दिलं. नंतर त्यांच्या बाजूचा फावडा उचलला, खुंट्या उपटल्या, पाटापासून एक पाऊल मोजून पुन्हा ठोकल्या, आणि मला म्हणाली, घमेलं धर.

पुढं चार इतवार लागले. सर खोदत, माय माती दाबून बसवत असे, कारण ते काम तिच्याइतकं कुणाला जमत नाही. त्यांच्यात फारसं बोलणं झालं नाही. तिसऱ्या इतवारी मायनं घरून मडकं आणलं आणि सरांना पाणी दिलं. शेवटच्या इतवारी धुरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ लागला.

त्या साली रोवणी झाली, तलावाचं पाणी सुटलं. मी आणि माय वावरात होतो. पाट भरून वाहत होता, बांधीतला चिखल भेगाळायला लागला होता. मी पाय पुसले, चपला घातल्या आणि सवयीनं म्हणाले, माय, त्यायच्या घरी इचारून येऊ काय?

माय वाकून पाटाचं तोंड फोडत होती. तिनं मान वर केली.

"आपल्याच पान्याले इचारतेत काय वं?" ती म्हणाली, आणि पाणी आत आलं.